ठशाची पडताळणी

शैलाताईंनी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. पडद्यावर पिवळा त्रिकोण आला होता. हात माउसवर राहिला की तो नको तिथे काहीतरी दाबून बसतो, हे त्या सोमवारपासून शिकल्या होत्या.

त्रिकोणाखाली इंग्रजीत सहा ओळी होत्या. त्यांनी चष्मा पुसला, सहाही ओळी पहिल्यापासून वाचल्या आणि फोन उचलला.

"नम्रता, तुझा सर्व्हर म्हणतोय, कालचा तो मी नव्हेच."

"आत्या, मी मीटिंगमध्ये आहे गं."

"तू कधी नसतेस? ऐक. 'या सर्व्हरची ओळख आधीच्या ओळखीशी जुळत नाही. मधे बसून कुणीतरी ऐकत असण्याची शक्यता आहे. तरीही जोडणी करायची का?' खाली हो आणि नाही."

"हो दाब."

"मधे बसून कुणीतरी ऐकतंय म्हणतोय."

"कुणी ऐकत नाही गं. त्यांनी मशीन बदललं असेल. सगळे हो दाबतात. त्या चौकटी कुणी वाचत नाही."

"मग लिहितात कशाला?"

पलीकडून, हिंजवडीच्या ऑफिसातून, नुसती कीबोर्डची टकटक ऐकू आली. नम्रता शैलाताईंच्या भावाची मुलगी. गेल्या रविवारी येऊन तिनेच स्वतःचा जुना लॅपटॉप त्यांना दिला होता आणि त्यात तो प्रोग्रॅम बसवून दिला होता. डावीकडे आपलं कपाट, उजवीकडे संस्थेचं कपाट, इकडची फाइल तिकडे ओढायची की झालं, असं सांगून आणि दोनदा चहा पिऊन ती निघून गेली होती.

"मी परवा येते आणि बघते," नम्रता म्हणाली.

"परवा येऊन काय करशील? मुदत आज सहापर्यंत आहे."

"तेच म्हणतेय ना मी. हो दाब."

शैलाताईंनी फोन ठेवला. चौकट तशीच राहू दिली.

अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या या संस्थेचं काम त्या सतरा वर्षं करत होत्या. निवृत्त झाल्या त्याच वर्षी सुरुवात केली. आधी सीडी असायच्या, मग पेनड्राइव्ह आले. पुस्तक वाचून झालं की रिक्षाने मार्केट यार्डात जायचं, भुसार बाजारातल्या त्या इमारतीच्या खालच्या मजल्यावर शिपायाच्या हातात पाकीट द्यायचं, त्याची सही घ्यायची. पण यंदा कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि संस्थेच्या निम्म्या फाइली गेल्या. लगेच पत्रक निघालं. यापुढे पेनड्राइव्ह घेतला जाणार नाही. सर्व ध्वनिफिती क्लाउडवरच्या सर्व्हरला, सुरक्षित मार्गाने, वाचकांनी स्वतः पाठवाव्यात.

रिक्षाने वीस मिनिटं लागत. ढगातून जायला आजचा पाचवा दिवस होता.

पुस्तक महाराष्ट्राच्या भूगोलाचं होतं, राज्यसेवेच्या परीक्षेसाठी. बावीस प्रकरणं. अमरावतीच्या तनुजाने ते मागितलं होतं आणि तिची परीक्षा मंगळवारी होती. आलेल्या फाइली तपासून दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांच्या खात्यात पडत; शुक्रवारी सहाच्या आत आलेल्या शनिवारी. त्यानंतर आलेल्या थेट बुधवारी. अठरा प्रकरणं गेली होती. चार राहिली होती.

फोन वाजला. तनुजाच होती.

"आजी, एकोणिसावं नाही आलं अजून."

"येतंय. तोपर्यंत आधीची ऐक."

"आधीची दोनदा ऐकून झाली, आजी. धरणांवर दरवर्षी दोन-तीन प्रश्न असतातच म्हणून विचारलं. तुम्हाला फोनवर पाठवता नाही येणार?"

"नाही. प्रकाशकाने पुस्तक संस्थेला दिलंय ते अटीवर. फाइल दुसऱ्या कुठल्याही वाटेने द्यायची नाही, असं मी लिहून दिलंय."

"बरं."

त्या 'बरं'मध्ये तक्रार नव्हती. शैलाताईंना ती असती तर बरं वाटलं असतं.

त्यांनी संस्थेचा मदतीचा नंबर लावला. व्यस्त. पाच मिनिटांनी पुन्हा व्यस्त. तिसऱ्यांदाही तेच. वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी कुणीतरी टाकलं होतं: 'सर्व्हर बदलला आहे. घाबरू नये. हो दाबावे.' खाली अकरा जणांनी हात जोडले होते. टाकणाऱ्याचं नाव शैलाताईंना माहीत नव्हतं. ज्याला मधे बसायचंय, तो ग्रुपवरही येऊन बसेल, एवढं त्यांना कळत होतं.

मधे बसून ऐकणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. छत्तीस वर्षं त्या मधेच बसल्या होत्या. पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, कानाला हेडफोन लावून, समोरच्या बोर्डावर दोऱ्या खुपसत. तिथला पहिला धडा हाच होता. कुणी कॉल मागितला की तो सांगतो त्या नंबरवर विश्वास ठेवायचा नाही. लाइन तोडायची, आपण उलटा फोन करायचा, आणि तिकडून तोच माणूस बोलला तरच जोडायचं.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी एकाने मिरजेचा अर्जंट कॉल मागितला. डॉक्टरचं नाव सांगितलं, आवाज घाबरा होता. त्यांनी उलटा फोन न करता जोडून दिला. त्याने मिरजेच्या एका घरी सांगितलं, तुमचा मुलगा पुण्यात वारला. घरातली सात माणसं मिळेल त्या गाडीने निघाली आणि पहाटे मुलाच्या खोलीवर पोचली, तेव्हा तो दात घासत होता. कुणाचा तरी कसला तरी राग होता, बाकी काही नाही. पण मुलाची आई त्यानंतर कितीतरी दिवस नीट बोलत नव्हती म्हणे.

"घाई होती हो," शैलाताई सुपरवायझर बाईंना म्हणाल्या होत्या.

"घाई त्याला होती. तुला का झाली?" बाईंनी विचारलं होतं.

म्हणून सोमवारी पहिल्यांदा ती चौकट आली, 'हा सर्व्हर अनोळखी आहे, त्याचा ठसा असा असा आहे, विश्वास ठेवायचा का', तेव्हाही त्यांनी हो दाबलं नव्हतं. मदतीच्या नंबरवर फोन केला होता. पलीकडे आमोद नावाचा कुणी होता. संस्थेचा सर्व्हर तोच सांभाळत होता.

"हा ठसा तुमचाच कशावरून?" त्यांनी विचारलं होतं.

"म्हणजे?"

"त्रेचाळीस अक्षरं आलीत इथे. ती तुमच्या सर्व्हरचीच आहेत, हे मला कोण सांगणार?"

"चार वर्षांत हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या."

"बाकीच्यांनी काय केलं?"

"हो दाबलं." तो हसला असावा. "वाचा. मी पडताळतो."

"तुमच्यासमोर आहेत ना? तुम्हीच वाचा की."

"तुम्ही वाचा, निगडेबाई. सावकाश."

"आवाज गोड असला म्हणून तुमची ओळख पटली असं समजू नका. आवाज काय, कुणाचाही काढता येतो हल्ली. एक जरी अक्षर चुकलं तरी मी फोन ठेवणार." आणि त्यांनी एक्स्चेंजच्या पद्धतीने वाचायला घेतलं होतं. "कॅपिटल पी, पी फॉर पूना. लहान एम, एम फॉर मद्रास. सात. कॅपिटल बी, बी फॉर बॉम्बे..." पलीकडे मागे कुणीतरी अखंड भरभर बडबडत होतं, शब्दही कळू नये इतकं भरभर.

"तुमच्याकडे रेडिओ चालू आहे का?"

"आमच्याकडचंच आहे ते. तुम्ही वाचा."

त्रेचाळीसही जुळली. मंगळवारी दुसरंच निघालं. संस्थेचं खातं पासवर्डने उघडत नव्हतं, त्याला किल्ल्यांची जोडी लागत होती. एक किल्ली संस्थेला द्यायची, एक आपल्याकडे ठेवायची. शैलाताईंनी ठेवायची ती देऊन टाकली आणि द्यायची ती जपून ठेवली. सर्व्हरने त्यांना दारातूनच परत पाठवलं. त्यांनी त्या नकाराचा फोटो काढून आमोदला पाठवला, वर फोनही केला, तरी त्याचं आपलं एकच. काय लिहिलंय ते वाचा. पूर्ण वाचा. खालच्या बारीक ओळीही वाचा.

"अहो, फोटो पाठवलाय ना!" त्या शेवटी ओरडल्या होत्या. "समोर स्क्रीन असताना डोळे मिटून बसता का तुम्ही?"

"तसंच समजा," तो शांतपणे म्हणाला होता. "वाचा."

नवी जोडी तयार करण्यात मंगळवार गेला. फाइली मुंगीच्या चालीने पाठवण्यात बुधवार गेला. वाचनाचा वेळ असा सगळा ढगात गेला होता. उरलेली चार प्रकरणं त्यांनी काल, गुरुवारी, राग डोक्यात असतानाच एका बैठकीत उरकली होती.

आणि आज हा त्रिकोण.

अडीच वाजता त्यांनी नंबर शेवटचा लावून पाहिला. व्यस्त. मग कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूवर पडद्यावरचा नवा ठसा मोठ्या अक्षरांत उतरवला, कॅपिटल अक्षरांखाली रेघा मारल्या, दोनदा ताडून पाहिला आणि चपला घातल्या.

"मार्केट यार्ड? माल आहे का काही?" रिक्षावाल्याने विचारलं.

"आहे. त्रेचाळीस अक्षरं."

त्याने आरशातून एकदा मागे पाहिलं आणि मीटर टाकला.

रिक्षात त्यांनी वाक्यं तयार केली. फोन ठेवायचाच नसेल तर नंबर देता कशाला. मशीन बदलताना माणसांना सांगायची पद्धत आहे की नाही. वाचा वाचा म्हणता, तुम्ही स्वतः काही वाचता का कधी. हे शेवटचं त्यांना विशेष आवडलं होतं.

इमारतीखाली मिरचीची पोती उतरत होती. "आजी, बाजूला," एक हमाल पाठीवरच्या पोत्याखालून म्हणाला. शिपाई जागेवर नव्हता. भिंतीवर पाटी होती: सर्व्हर विभाग, दुसरा मजला. सतरा वर्षांत त्या कधी वर गेल्या नव्हत्या. नाकाला पदर लावून, कठडा धरून त्या चढल्या. प्रत्येक वळणावर थांबावं लागलं, आणि दर थांब्याला तयार केलेलं एकेक वाक्य अधिक धारदार झालं.

दुसऱ्या मजल्यावरची खोली अर्धवट उघडी होती. आत अंधार होता. अंधारातून ती बडबड येत होती, फोनवर ऐकलेली, भरभर, मधे श्वास न घेणारी.

"लाइट गेलेत का?" त्यांनी दारातूनच विचारलं.

बडबड थांबली.

"नाहीत. बटण दाराच्या डावीकडे आहे. हवे असतील तर लावा ना."

त्यांनी चाचपून बटण दाबलं. ट्यूबलाइट दोनदा लुकलुकून लागला. टेबलामागे तिशीचा एक माणूस बसला होता. एक इअरफोन कानात होता, दुसरा छातीवर लोंबत होता. समोर कीबोर्ड होता. स्क्रीन नव्हती. खिडकीच्या कट्ट्यावर घडी घातलेली पांढरी काठी ठेवली होती. त्याने चेहरा त्यांच्या दिशेने वळवला. तो त्यांच्या खांद्याच्या जरा बाजूला स्थिरावला.

शैलाताईंचा हात बटणावरच राहिला.

"निगडेबाई ना?" तो म्हणाला. "बसा. समोर दोन पावलांवर खुर्ची आहे."

त्या दोन पावलं चालल्या आणि बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. रिक्षातली वाक्यं एकेक करून आठवली आणि एकेक करून जागच्या जागी ठेवून दिली. मंगळवारचं मात्र कुठे ठेवता येईना, ते बोलून झालं होतं.

"फोन लागत नव्हता," त्या म्हणाल्या. आवाज त्यांनाच ओळखू येईना.

"सकाळपासून सगळे विचारतायत, हो दाबू का. मी म्हणतोय, दाबा." आमोदने इअरफोनची वायर बोटाला गुंडाळली. "ठसा एकानेही विचारला नाही. तुमचा फोन येणार हे धरून होतो. तुम्ही स्वतःच आलात."

"रिक्षाने वीस मिनिटं लागतात."

"ढगापेक्षा बरी," तो म्हणाला.

त्यांनी कॅलेंडरचं पान उलगडलं. कागदाचा आवाज झाला तसा त्याने मान जरा पुढे केली.

"मी वाचू?" त्यांनी विचारलं.

"आज मी वाचतो. तुम्ही पडताळा."

त्याने कीबोर्डवर काही दाबलं. कॉम्प्युटर कानात वाचून दाखवत होता, ती बडबड ऐकत, तिला मधे मधे थांबवत, तो बोलू लागला. "कॅपिटल डी. डी फॉर दिल्ली. चार. लहान के. कॅपिटल पी, पी फॉर पूना..." शैलाताई पेन्सिलीने एकेका अक्षराखाली टिंब देत गेल्या. सव्विसाव्या अक्षरापाशी त्यांनी त्याला थांबवलं, पुन्हा म्हणायला लावलं. खाली पोती आपटत होती. त्रेचाळिसावं टिंब पडलं.

"जुळला," त्या म्हणाल्या.

"मग आता हो दाबायला हरकत नाही."

त्या उठल्या नाहीत.

"मंगळवारी ती अख्खी चौकट वाचायला लावलीत. पहिली ओळ पुरली नसती?"

"पुरली असती."

"मग?"

त्याने वायर बोटावरून सोडवली. "दहावीला होतो, तेव्हा आमचा भूगोल तुम्ही वाचला होता. बाकीचे वाचक म्हणायचे, 'इथे नकाशा आहे', आणि पुढे जायचे. तुम्ही नकाशा वाचायचात. डावीकडची कड म्हणजे समुद्र. कडेपासून बोटभर आत सह्याद्री, वरून खाली. त्यातून भीमा निघते ती तिरकी, उजवीकडे खाली. वसतिगृहात जेवताना मी ताटात काढायचो ती बोटाने." तो थांबला. "सोमवारी तुम्ही 'पी फॉर पूना' म्हणालात ना, त्याच्या आधीच ओळखलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही चिडला होतात." तो हसला. "आणि आवाजावरून ओळख धरायची नाही, असं तुम्हीच बजावलं होतंत."

शैलाताईंनी पान घडी करून पिशवीत ठेवलं. त्या उठल्या. दारापाशी पोचल्यावर त्यांचा हात सवयीने बटणाकडे गेला आणि तिथेच घुटमळला.

"घालवला तरी चालेल," आमोद म्हणाला.

घरी पोचल्या तेव्हा पावणेपाच वाजले होते. त्रिकोण त्यांची वाट पाहत बसला होता. त्यांनी पान शेजारी ठेवून अक्षरं पुन्हा एकदा लावून पाहिली आणि हो दाबलं. उजवीकडचं कपाट उघडलं. आत त्यांची अठरा प्रकरणं ओळीने होती. त्यांनी विसावं ओढलं, एकविसावं, बाविसावं. हिरवी पट्टी प्रत्येक वेळी सावकाश भरत गेली.

एकोणिसाव्यावर बाण नेला आणि त्या थांबल्या. मग ती फाइल ओढण्याआधी त्यांनी उघडली. साधारण मधे कुठेतरी बोट ठेवलं.

त्यांचाच आवाज आला, कालचा. धापा टाकल्यासारखा. "...या प्रकल्पांची स्थाने आकृती एकोणीस-दोनमध्ये दाखवली आहेत. इथे नकाशा आहे. पुढील परिच्छेद."

त्यांनी मागे जाऊन तेवढंच पुन्हा ऐकलं.

फोन वाजला. "आत्या, झालं का? दाबलंस का हो?"

"दाबलं."

"बघ! एवढंच तर होतं. उगाच दिवस घालवलास."

"हो," शैलाताई म्हणाल्या. "ठेव आता. मला वाचायचंय."

त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. पंखा बंद केला. सव्वापाच झाले होते. पुस्तक दिव्याखाली धरून आकृती एकोणीस-दोन काढली. अर्ध्या पानाचा नकाशा, त्यात धरणांचे छत्तीस बारीक त्रिकोण. नवी फाइल काढून तिला नाव दिलं, एकोणीस-अ. तर्जनी पानाच्या डाव्या कडेवर ठेवली, रेकॉर्डरचं बटण दाबलं आणि तांबडा दिवा लागू दिला.

"आकृती एकोणीस-दोन. नकाशा," त्या म्हणाल्या. "डावीकडची कड म्हणजे समुद्र." आणि बोट सावकाश आत सरकवलं.